इंग्रजी शब्द वहीत नांदवायचा कसा

माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक मुलगी दोनशे पानी वही घेऊन आली होती. डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी अर्थ, रोजचे वीस शब्द, प्रत्येक पानावर तारीख. अक्षर मोत्यासारखं. वही चाळता चाळता मी तिला म्हटलं, "मी चहा सोडला, हे इंग्रजीत सांग बघू." तिला वहीतली 'अबॅन्डन : सोडून देणे' ही ओळ आठवली आणि तिनं ठामपणे सांगितलं, "आय अबॅन्डन्ड टी."

तिची मेहनत खरी होती. वहीची रचनाच तिला दगा देत होती. 'सोडणे' हे आपलं एकच क्रियापद किती ठिकाणी राबतं ते पाहा. चहा सोडला की इंग्रजीत 'गिव्ह अप'. नोकरी सोडली की 'लीव्ह' किंवा 'क्विट'. "चल, तुला स्टेशनवर सोडतो" म्हणताना 'ड्रॉप'. धरणातून पाणी सोडतात तिथं 'रिलीज'. उपवास सोडतो तेव्हा 'ब्रेक', आणि इंग्रजांचा 'ब्रेकफास्ट' हा शब्द मुळात हाच, रात्रभराचा उपवास सोडणं. 'अबॅन्डन' येतं ते शेवटी. ज्याची जबाबदारी आपल्यावर होती त्याला वाऱ्यावर सोडून निघून जाणं, म्हणजे अबॅन्डन. बुडत्या जहाजाला, तान्ह्या मुलाला, अर्ध्या बांधलेल्या पुलाला हा शब्द लागू होतो. चहाला होत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहून थांबू नका. शब्दाची व्याख्या, त्याची चालरीत, त्याचे सोबती आणि तुमचं स्वतःचं एक वाक्य, एवढं सगळं एका पानावर आलं की शब्द वहीत नांदायला लागतो. ते पान कसं भरायचं, ते पुढं पायरीपायरीनं सांगतो. इथं मी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. तुम्ही वहीत ते रोमन अक्षरांत, अचूक स्पेलिंगसह लिहा. देवनागरी फक्त उच्चारापुरती, बाजूला, पेन्सिलीनं.

पहिली पायरी : कोणते शब्द घ्यायचे

इंग्रजीत लाखो शब्द आहेत म्हणून घाबरून जाऊ नका. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वसाधारण वापरातल्या इंग्रजी शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे २००० मुख्य शब्द होते, आणि रोजच्या साध्या लिखाणाचा फार मोठा भाग तेवढ्यावर भागतो. पुढं २००० साली न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत सतत येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यावरून झालेली रूपं अशा गटांची, यादी केली. 'ॲनालाइज', 'एव्हिडन्स', 'अझ्यूम', 'सिग्निफिकंट' हे त्यांतलेच. दोन्ही याद्या इंटरनेटवर सहज मिळतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यानं पहिली यादी एकदा चाळून अनोळखी शब्दांवर खूण करावी. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी आणि पदवीची पुस्तकं इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी नंतर दुसरी घ्यावी.

यादीपेक्षाही मला जवळचा वाटणारा मार्ग म्हणजे आपल्या कामातले आणि रस्त्यातले शब्द. रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा आहे असं मराठीत सांगतात, मग इंग्रजीत. एकीकडं 'गैरसोयीबद्दल दिलगीर', लगेच 'इनकन्व्हीनियन्स' आणि 'रिग्रेट'. तिथं उभ्या उभ्या दोन शब्द अर्थासकट आणि वापरासकट मिळतात. औषधाच्या पाकिटावरची सूचना, बँकेचा अर्ज, गॅस जोडणीचं पुस्तक, मोबाईलमधल्या सेटिंग्ज यांचंही तसंच. नर्सिंग करणाऱ्या मुलीला 'स्वेलिंग' आणि 'डोस' आधी हवेत, आयटीआयमधल्या मुलाला 'लूज', 'टाइटन' आणि 'अलाइन'.

एक शब्द वेगवेगळ्या ठिकाणी तीनदा भेटला की त्याला वहीत घ्या. एकदाच भेटलेला अवघड शब्द सोडून द्या. अग्रलेखातला एखादा भारदस्त शब्द पाठ केला की मोठं काही केल्यासारखं वाटतं, पण तो वर्षभरात पुन्हा भेटतच नाही आणि विसरला जातो.

दिवसाला पाच शब्द, आठवड्याचे सहा दिवस. रविवारी नवीन काही नाही, फक्त उजळणी. पाच म्हणजे कमी वाटतात, पण एका शब्दाचं पान नीट भरायला सात-आठ मिनिटं जातात आणि वर्षाकाठी हे दीड हजार होतात.

दुसरी पायरी : कोश कोणता आणि तो वाचायचा कसा

इंग्रजी-मराठी कोश घरात असावाच. शब्द झटकन ओळखायला तो उपयोगी पडतो. पण व्याख्येसाठी शिकणाऱ्यांचा इंग्रजी-इंग्रजी कोश लागतो, ज्याला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. हा प्रकार इंग्लंडबाहेर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गरजेतून आला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि पुढं तोच ऑक्सफर्डकडून निघाला. लाँगमननं १९७८ साली आणखी एक सोय केली. त्यांच्या कोशातल्या व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिल्या होत्या, त्यामुळं एका शब्दाचा अर्थ पाहताना दुसऱ्या चार शब्दांसाठी पानं उलटावी लागत नाहीत. १९८७ च्या कोबिल्ड कोशानं तर व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली. सुरुवातीला मी मुलांना हाच प्रकार दाखवतो, कारण त्यात व्याख्या वाचतानाच वापर कळतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश आता मोबाईलवर फुकट पाहता येतात.

कोशातल्या नोंदीत अर्थाच्या आधी बारीक खुणा असतात. बहुतेक जण त्या ओलांडून पुढं जातात, आणि खरा माल तिथंच असतो. नामापुढं 'सी' म्हणजे मोजता येणारं, 'यू' म्हणजे न मोजता येणारं. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट' या सगळ्यांपुढं 'यू' असतं. आपण मराठीत दोन सल्ले देतो, म्हणून इंग्रजीतही 'टू ॲडव्हायसेस' म्हणून जातो. ती एक खूण पाहिली असती तर 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस' सुचलं असतं. क्रियापदापुढं 'टी' असेल तर त्याला थेट कर्म लागतं, मध्ये शब्दयोगी अव्यय नको. 'डिस्कस' असंच आहे. आपण मराठीत एखाद्या विषयावर चर्चा करतो, त्यामुळं 'डिस्कस अबाउट' तोंडात येतं. बरोबर आहे ते नुसतं 'डिस्कस द प्रॉब्लेम'. 'रीच' आणि 'एन्टर' यांचंही तेच: 'रीच्ड द स्टेशन', 'एन्टर्ड द रूम'.

'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'डिसअप्रूव्हिंग' असे शेरेही वहीत उतरवा. शेवटच्याचा अर्थ, हा शब्द वापरणाऱ्याला ती गोष्ट आवडलेली नाही. 'स्लिम' आणि 'स्किनी' दोन्ही बारीकच, पण एक 'सडपातळ' आणि दुसरा 'हाडकुळा'.

तिसरी पायरी : एक पान भरून पाहू

शब्द घेऊ 'रिलक्टंट'.

कोशात व्याख्या साधारण अशी मिळते: एखादी गोष्ट करायची इच्छा नसल्यामुळं ती करायला वेळ लावणारा. ही व्याख्या आधी इंग्रजीत उतरवा, पण जशीच्या तशी नको. वाचा, कोश बंद करा आणि आठवेल तसं आपल्या शब्दांत लिहा. चुकलं तरी चालेल, मग कोश उघडून दुरुस्त करा. ही दोन मिनिटांची झटापटच शब्द डोक्यात घालते. उतरवून काढताना हात चालतो, डोकं झोपलेलं असतं.

आता मराठी. कोशात 'नाखूश' किंवा 'अनिच्छुक' लिहिलेलं असतं. 'अनिच्छुक' हा शब्द आपण घरात कधी बोलतो? मग तो लिहून उपयोग काय? थंडीत पहाटे उठायचं जिवावर येतं, तेव्हा आपण रिलक्टंट असतो. माहेराहून निघताना पाय निघत नाही, तेव्हाही रिलक्टंट. वहीत 'जिवावर येणे, पाय न निघणे' असं लिहिलं की शब्दाला ऊब येते. मराठी अर्थ लिहायचाच असेल तर आपल्या आईच्या तोंडात शोभेल असा लिहा.

त्याखाली शब्दाची चाल: 'रिलक्टंट टू' आणि पुढं क्रियापद. 'रिलक्टंट टू गो', 'रिलक्टंट टू आन्सर'.

मग कुटुंब: नाम 'रिलक्टन्स', क्रियाविशेषण 'रिलक्टंटली'. या तिघांतला शेवटचा गोष्टींमध्ये फार येतो. 'ही रिलक्टंटली अग्रीड', म्हणजे तो आढेवेढे घेत कबूल झाला.

मग शेजारी. 'हेझिटंट' माणूसही थांबतो, पण त्याचं मन ठरलेलं नसतं, तो घुटमळतो. रिलक्टंट माणसाला काय करायचंय ते ठाऊक असतं, फक्त मन घेत नाही. 'अनविलिंग' त्याहून कडक, तो बहुधा करणारच नाही. हे तीन शब्द एका ओळीत लिहून फरक एकेका वाक्यात सांगता आला की पान निम्मं झालं.

शेजारी लिहिताना एक पथ्य मात्र पाळा. जुळ्या शब्दांची जोडी पहिल्याच दिवशी दोन्ही नवीन असताना पाठ करू नका. 'बॉरो' आणि 'लेंड' हे मराठीत 'उसनं घेणं' आणि 'उसनं देणं', एकाच 'उसनं'ची दोन टोकं. एकाच दिवशी शिकवले की पुढं महिनाभर मुलं अदलाबदल करतात, हे मी दरवर्षी पाहतो. आधी 'बॉरो' पक्का करा: 'आय बॉरोड अ लॅडर फ्रॉम अवर नेबर', शेजाऱ्यांकडून शिडी आणली. आठ-दहा दिवसांनी 'लेंड' घ्या.

चौथी पायरी : व्याख्या स्वतः करायला शिका

शब्द आठवत नसला तरी बोलणं थांबू नये, यासाठी व्याख्या करता येणं फार मोलाचं आहे. त्याचा सराव मी उलट्या बाजूनं करून घेतो. घरातली मराठी वस्तू घ्यायची आणि जिनं ती कधी पाहिली नाही अशा बाईला ती इंग्रजीत समजावून सांगायची.

पोळपाट: 'अ राउंड वुडन बोर्ड ऑन विच वी रोल चपातीज'. आधी जात सांगितली, बोर्ड. त्याच्या पुढं रूप, गोल आणि लाकडी, याच क्रमानं, कारण इंग्रजीत आकार आधी आणि माल नंतर येतो. मग काम, त्यावर पोळ्या लाटतात. झारा: 'अ फ्लॅट स्पून विथ होल्स, यूज्ड फॉर टेकिंग फ्राइड फूड आउट ऑफ हॉट ऑइल'. आता तुम्ही सूप, उंबरठा, खलबत्ता आणि दावं करून पाहा. उंबरठ्याची व्याख्या करताना 'डोअरवे' लागेल, दाव्यासाठी 'टाय' आणि 'कॅटल'. असे गरजेतून शोधलेले शब्द सहसा विसरत नाहीत.

क्रियापदाची व्याख्या आणखी सोपी. तिला साधं क्रियापद आणि 'कसं' एवढंच लागतं. 'लिंप' म्हणजे एक पाय दुखत असल्यासारखं चालणं, आपलं लंगडणं. 'स्टॅगर' म्हणजे आता पडेल की काय असं चालणं, झोकांड्या खाणं. 'स्ट्रोल' म्हणजे मजेत, घाई नसताना चालणं. तिन्हींच्या व्याख्येत 'वॉक' आहे, आणि खरा अर्थ 'कसं'मध्ये आहे.

पाचवी पायरी : उदाहरणाचं वाक्य

सगळ्यात जास्त लक्ष इथं द्या. मुलांच्या वह्यांत मला 'शी इज रिलक्टंट' अशी वाक्यं दिसतात. हे वाक्य काहीच सांगत नाही. त्या जागी 'हॅपी', 'टॉल', 'हंग्री' काहीही बसेल.

माझी कसोटी अशी. वाक्यातला नवा शब्द बोटानं झाका आणि मैत्रिणीला वाचायला द्या. झाकलेल्या जागी काय असेल त्याचा तिला अंदाज आला तर वाक्य पास. एका मुलानं लिहिलं होतं: 'माय ग्रँडमदर वॉज रिलक्टंट टू सेल द ओल्ड काऊ, बट वी नीडेड द मनी.' आजीला म्हातारी गाय विकायची नव्हती, पण पैशांची गरज होती. शब्द झाकला तरी आजीचं मन दिसतं. त्या 'बट'मुळं वाक्याला वजन आलं. वर्गात ते वाचलं तेव्हा सगळे गप्प झाले होते, आणि त्या तुकडीतल्या कुणालाही तो शब्द पुन्हा शिकवावा लागला नाही.

म्हणून प्रत्येक शब्दाला दोन वाक्यं द्या. पहिलं कोशातलं किंवा वाचनात सापडलेलं, जसंच्या तसं, कारण त्याचं व्याकरण भरवशाचं असतं. दुसरं तुमचं स्वतःचं, आणि ते खरं असावं. आपल्या घरातलं, शेतातलं, ऑफिसातलं. 'राम' आणि 'सीता' यांना प्रत्येक वाक्यात राबवू नका. ज्या माणसाबद्दल लिहिताना तुम्हाला काहीतरी वाटतं त्याच्याबद्दल लिहा. आपलं वाक्य पहिल्या वाक्याच्या चालीवर बेतलं की चुका आपोआप कमी होतात.

सहावी पायरी : शब्दाचे सोबती

मराठीत पाऊस मुसळधार असतो, थंडी कडाक्याची आणि भूक कडकडून लागते. 'मुसळधार भूक' कुणी म्हणत नाही. का नाही, याला नियम नाही. भाषेत ते तसं बसलेलं आहे. इंग्रजीतही शब्दांना असेच ठरलेले सोबती असतात, आणि ते आपल्या सोबत्यांशी क्वचितच जुळतात.

'कडक' हा एक शब्द घ्या. कडक चहा म्हणजे 'स्ट्राँग टी'. कडक शिस्त म्हणजे 'स्ट्रिक्ट डिसिप्लिन'. कडक झालेला लाडू 'हार्ड'. कडक ऊन 'हार्श सन' किंवा 'स्कॉर्चिंग हीट'. चार ठिकाणी चार शब्द. उलट बाजूनं 'हेवी' पाहा: 'हेवी रेन' मुसळधार पाऊस, 'हेवी ट्रॅफिक' गर्दीची वाहतूक, 'हेवी स्मोकर' खूप सिगारेटी ओढणारा. इथं आपल्याकडं 'जड' एकदाही येत नाही.

'करणे'चा घोळ सगळ्यांत मोठा. चूक करतो ती 'मेक', गृहपाठ 'डू', निर्णय 'मेक', अंघोळ 'टेक' किंवा 'हॅव', व्यायाम 'डू', फोन 'मेक अ कॉल'. ही जोडी नियमानं पाठ होणार नाही. म्हणून नाम लिहिताना त्याचं क्रियापद सोबत घेऊनच लिहा. वहीत नुसतं 'मिस्टेक' नको, 'मेक अ मिस्टेक' हवं. तसंच 'मॅरीड' नुसतं नको. आपण मराठीत कुणा'शी' लग्न करतो म्हणून 'मॅरीड विथ' म्हणतो. वहीत पहिल्या दिवसापासून 'मॅरीड टू' लिहिलेलं असेल तर ही चूक होतच नाही.

सातवी पायरी : मुळं शोधा, पण जपून

इथं मराठी माणसाला एक जन्मजात फायदा आहे. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक यांचं मूळ एकच असावं असं सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. इंग्रजीत लॅटिनमधून आलेले शब्द ढिगानं आहेत, त्यामुळं अनेक ठिकाणी आपल्या ओळखीचा चेहरा दिसतो. 'डेंटिस्ट'मध्ये दंत आहे. 'पेडेस्ट्रियन'मध्ये, म्हणजे पायी चालणाऱ्यात, पद आहे. 'इग्नाइट'मध्ये अग्नी, 'व्होकल'मध्ये वाचा, 'मॉर्टल'मध्ये मृत, 'नॉव्हेल'मध्ये नव. 'इन्स्पेक्ट', 'स्पेक्टेटर', 'रिस्पेक्ट' या सगळ्यांत 'पाहणे' अर्थाचं जे लॅटिन मूळ आहे, त्याचाच संस्कृत भाऊ आपल्या 'स्पष्ट' या शब्दात बसलेला आहे. आणि 'मंगूस' हा इंग्रजी शब्द तर आपल्या मुंगसावरूनच गेला.

पण दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून नातेवाईक ठरत नाहीत. 'सेंट' आणि 'संत' यांचा अर्थ जवळचा, उच्चार जवळचा, तरी नातं काही नाही. संत हा 'सत्' वरून आलेला, सेंट लॅटिनमधल्या 'पवित्र' अर्थाच्या वेगळ्याच शब्दावरून. मूळ नक्की करायचं असेल तर कोशातली व्युत्पत्ती पाहा. ज्या शब्दाचं मूळ सहज सापडत नाही त्याच्यामागं वेळ घालवू नका.

आठवी पायरी : उच्चार

मराठीत शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा यावरून अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. 'रेकॉर्ड' नाम असताना जोर पहिल्या भागावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर, आणि स्वरही थोडा बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो सरकून 'टॉ'वर येतो. 'हॉटेल' आणि 'डेव्हलप' या दोन्हींत जोर दुसऱ्या भागावर आहे, आपण सगळे पहिल्यावर देतो. मोबाईलवरच्या कोशात स्पीकरची खूण दाबा, तीनदा ऐका, तीनदा मोठ्यानं म्हणा आणि जोराच्या भागाखाली रेघ मारा. 'रिसीट'मधला 'पी' आणि 'डेट' म्हणजे कर्ज यातला 'बी' ही न बोलायची अक्षरं वहीत गोल करून ठेवा.

नववी पायरी : विसरण्याआधी गाठा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सर्वांत वेगानं विसरतं ते पहिल्या काही तासांत, नंतर तो वेग मंदावतो, हे त्यातून दिसलं. म्हणजे आज केलेला शब्द उद्या पाहिला नाही तर निम्मी मेहनत गेली.

यावर सेबास्टियान लाइटनर यांनी १९७० च्या दशकात सुचवलेली खोक्याची पद्धत मी वापरतो. बुटाचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्यानं पाच कप्पे करा. लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या करा. एका बाजूला तुमचंच वाक्य, नव्या शब्दाच्या जागी रेघ. मागच्या बाजूला शब्द, चाल आणि व्याख्या. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्यानं. आठवलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, अडलं की कुठूनही परत पहिल्यात.

चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर मोठ्यानं म्हणा. उत्तर पाहून "हो, हे येतंय मला" असं वाटणं वेगळं आणि न पाहता सांगता येणं वेगळं. परीक्षेत आणि मुलाखतीत दुसरंच कामी येतं.

दहावी पायरी : आधीच वापरत असलेल्या शब्दांची झडती

काही इंग्रजी शब्द आपण रोज बोलतो, म्हणून ते येतात असं धरून चालतो. "मी कॉलेजमधून पास आउट झालो" हे परदेशातल्या माणसाला सांगितलं तर त्याला तुम्ही कॉलेजात बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. शिक्षकांना 'आय हॅव अ डाउट' म्हणतो तेव्हा आपल्याला प्रश्न विचारायचा असतो, 'डाउट' म्हणजे मात्र संशय. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा. कायमचं ठाण्यात राहत असाल तर 'आय लिव्ह इन ठाणे', पाहुणे म्हणून चार दिवस आलात तर 'स्टे'. 'प्रीपोन' भारतात चालतं, बाहेर बहुतेकांना समजत नाही.

आणि 'माइंड'. लोकलमध्ये फूटबोर्ड आणि प्लॅटफॉर्म यांच्यातल्या अंतराकडं लक्ष द्या अशी सूचना असते, त्यात 'माइंड द गॅप' ऐकू येतं. इथं माइंड म्हणजे मन नाही, सांभाळणं आहे. दुसरीकडं कुणी विचारतं, 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' म्हणजे मी इथं बसलो तर तुमची हरकत आहे का? आपण मान हलवून मोठ्या मनानं 'येस' म्हणतो, आणि त्याचा अर्थ होतो, हो, हरकत आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानं पुण्याहून पहिल्यांदा परदेशी गेल्यावर विमानात हेच केलं. शेजारी बसू पाहणाऱ्या आजोबांचा चेहरा उतरलेला पाहून त्याला चूक कळली. 'नॉट ॲट ऑल' हे उत्तर त्यानं परत आल्यावर वर्गातल्या फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं.

असे शब्द वहीच्या मागच्या पानांवर वेगळे ठेवा. शाई लाल वापरा.

वापर

रोज रात्री चार-पाच ओळी इंग्रजीत लिहा, दिवसभरात काय झालं ते. त्यात खोक्यातल्या पहिल्या कप्प्याचे निदान दोन शब्द यावेत. ओढूनताणून आणू नका. बसत नसेल तर दुसरा घ्या. शब्द बसवण्यासाठी खोटी घटना लिहिलीत तर वाक्य कृत्रिम होतं आणि ते लक्षात राहत नाही.

ज्या दिवशी एखादा शब्द ठरवून नाही, आपसूक तोंडातून किंवा लेखणीतून बाहेर पडेल, त्या दिवशी वहीतल्या त्याच्या पानावर समासात तारीख टाका आणि कुणाशी बोलताना आला ते लिहा. ती दोनशे पानी वही आणणारी मुलगी आता एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. तिच्या नव्या वहीत 'गिव्ह अप'च्या पानावर समासात एवढंच आहे: जुलै महिन्यातली एक तारीख, आणि पुढं 'डॉक्टर पेशंटला तंबाखू सोडा म्हणत होते, पेशंट केरळचा, मी सांगितलं.'